पट्ट्यातली काच आणि सदतीस मीटर

रात्री कधी गाडीतून जात असाल तर मागच्या सीटवरून समोरच्या काचेतून नीट बघा. रस्ता काळाकुट्ट असतो, कडेची झाडं काळी असतात आणि अचानक पुढे पांढरे पट्टे लखलखतात. झेब्रा क्रॉसिंग! घराच्या भिंतीलाही पांढरा रंग असतो, पण ती भिंत काही हेडलाइटमध्ये अशी चमकत नाही. मग या पट्ट्यांत असं काय असतं?

त्यात काच असते.

काचेचे अगदी बारीक, गोल मणी. एक मिलिमीटरहूनही लहान. पट्टे मारायचं काम चालू असेल तर लांब उभं राहून अवश्य बघा. एका गाडीवर मोठं भांडं असतं, त्यात पावडर वितळवतात. हा आपला नेहमीचा डब्यातला रंग नसतो, तो तापवून पातळ केलेला एक प्रकारचा प्लास्टिकसारखा पदार्थ असतो, म्हणून त्याला थर्मोप्लास्टिक म्हणतात. तापमान जवळजवळ २०० अंश सेल्सियस! कामगार हातगाडीसारखं एक यंत्र ढकलत नेतो, त्यातून जाड, वाफाळता पट्टा रस्त्यावर पडतो. तो मऊ आहे तोवरच त्यावर काचेचे मणी भुरभुरतात. मणी अर्धे रुततात, अर्धे वर राहतात. काही मिनिटांत पट्टा कडक. शिवाय काही मणी आधीच त्या पदार्थात मिसळलेले असतात. वरचे मणी टायरांनी घासून निघून गेले, की आतले उघडे पडतात. हे ज्यांनी शोधून काढलं त्यांचं मला फार कौतुक वाटतं. पट्टा झिजत जातो आणि झिजता झिजता नवे मणी वर आणतो.

आता हे मणी करतात काय? हेडलाइटचा प्रकाश गोल काचेत शिरताना वाकतो आणि मण्याच्या मागच्या बाजूला गोळा होतो. तिथे पांढरा रंग असतोच. त्यावरून प्रकाश परत फिरतो, मण्यातून बाहेर पडताना पुन्हा वाकतो आणि जवळजवळ आला त्याच वाटेने निघतो. म्हणजे कुठे? पुन्हा गाडीकडे. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या जवळच असतात, म्हणून पट्टे त्याला झगझगीत दिसतात. फुटपाथवर उभ्या असलेल्या तुम्हाला मात्र तेच पट्टे मंद दिसतात, कारण प्रकाश तुमच्याकडे आलेलाच नसतो.

खरं वाटत नसेल तर घरी करून बघा. दप्तरावर किंवा बुटांवर चमकणारी राखाडी पट्टी असते ना, तिच्यातही प्रकाश आल्या वाटेने परत पाठवायचीच युक्ती असते. खोलीत अंधार करा, दप्तर लांब ठेवा. टॉर्च डोळ्याजवळ, कानशिलाला लावून धरा. पट्टी पेटल्यासारखी दिसेल. आता टॉर्च त्याच जागी मित्राच्या हातात द्या आणि तुम्ही चार पावलं बाजूला जा. पट्टी विझली!

पावसाळ्यात मात्र घोटाळा होतो. मण्यांवर पाण्याचा थर चढतो. तो वरून सपाट असतो, त्यामुळे बराचसा प्रकाश पाण्यावरूनच पुढे निसटतो, परत फिरत नाही. जुलैतल्या पावसाळी रात्री दिव्याखाली उभं राहून तुम्हाला पट्टे दिसत असतील, पण ड्रायव्हरला ते दिसतीलच असं नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा.

हे पट्टे आले कुठून, तेही बघू. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी सोय करायची कल्पना फार जुनी आहे. इटलीतलं पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. ते उकरून काढल्यावर तिथल्या रस्त्यांत ओळीने उंच दगड बसवलेले सापडले. लोक त्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचे, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्या-चिखलात पाय भरायचे नाहीत. आणि दगडांमध्ये फटी ठेवल्या होत्या, गाड्यांची चाकं जायला.

पट्टे ब्रिटनमधले. तिथे १९३४ मध्ये लेस्ली होर-बेलिशा नावाचे वाहतूकमंत्री होते. त्यांच्या काळात ओलांडायच्या जागी काळ्यापांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे उभे राहिले. आजही तिथे त्यांना बेलिशा बीकन म्हणतात. पण रस्त्यावर खूण काय होती? धातूची बटणं, ओळीने ठोकलेली. चालणाऱ्याला ती दिसायची, लांबून वेगाने येणाऱ्या ड्रायव्हरला नाही. मग १९४९ मध्ये वेगवेगळ्या रंगांचे पट्टे मारून प्रयोग केले गेले, आणि शेवटी काळ्यापांढऱ्याची निवड झाली. डांबराच्या काळ्यावर पांढरा, याहून ठळक काय दिसणार! लंडनजवळच्या स्लाऊ या गावात ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी पहिलं झेब्रा क्रॉसिंग अधिकृतपणे सुरू झालं.

म्हणजे पट्टे मारले ते ड्रायव्हरसाठी. ‘पुढे माणसं असतील, वेग कमी कर’ हा निरोप त्याला लांबूनच मिळावा म्हणून. लांबूनच का मिळायला हवा, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

कारण गाडी लगेच थांबत नाही. कितीही चांगला ड्रायव्हर असू दे, कितीही नवी गाडी असू दे.

का थांबत नाही, ते बघायला एक पट्टी घ्या, ३० सेंटिमीटरची. ताईला सांगा, पट्टी वरून धरून उभी लटकव. तुम्ही खाली शून्याच्या खुणेजवळ अंगठा आणि बोट उघडे ठेवा, पट्टीला न लावता. ताईने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. कुठे पकडलीत? बहुतेकांची १५ ते २० सेंटिमीटरच्या मध्ये पकडली जाते. म्हणजे डोळ्यांनी बघून, मेंदूने ठरवून, बोटं मिटायला तुम्हाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागला. आणि हे पट्टी पडणार हे माहीत असताना! ड्रायव्हरला काय होणार ते माहीत नसतं. त्याला आधी माणूस दिसायला हवा, ‘हा रस्त्यात येतोय’ हे कळायला हवं, मग पाय एका पेडलवरून उचलून दुसऱ्यावर न्यायला हवा. यात एक सेकंद सहज जातो. तेवढ्या सेकंदात गाडी जराही हळू झालेली नसते.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ब्रेक दाबायच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे आली! आता ब्रेक दाबला. कोरडा रस्ता, चांगले टायर, तरी थांबेपर्यंत आणखी सुमारे २० मीटर. एकूण ३७. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते, म्हणजे जवळजवळ दोन खेळपट्ट्या.

तीच गाडी ताशी ३० ने येत असेल तर? वेग निम्मा झाला, म्हणून अंतरही निम्मं, असं वाटेल. पण हिशेब करा. पहिल्या सेकंदात ८ मीटर, ब्रेक लागल्यावर फक्त ५ मीटर. एकूण १३. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर २० वरून ५ वर आलं, चौथा भाग! वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं, कारण गाडीतली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सगळी ऊर्जा ब्रेकने घासून घासून संपवायची असते. म्हणून शाळेजवळ ‘सावकाश’ची पाटी लावतात. ड्रायव्हर मंडळींना वाटतं, थोडाच तर वेग वाढवला. पण त्या थोड्यानेच पाच-दहा मीटर वाढतात आणि त्या पाच-दहा मीटरांत कुणाचं तरी मूल उभं असतं. रस्ता ओला असेल तर ब्रेकनंतरचं अंतर अगदी दुप्पटही होऊ शकतं.

आता लक्षात येईल, आपण नुसता पंजा उगारून रस्त्यात का उतरू नये. आपल्या गावांत, शहरांत सगळे असंच करतात. गाडीकडे हात दाखवायचा आणि चालू लागायचं. हात दाखवणं वाईट नाही. जपानमध्ये शाळेतल्या मुलांना रस्ता ओलांडताना हात सरळ वर करायला शिकवतात, कारण बुटका माणूस त्याने उंच होतो आणि लांबून दिसतो. पण हात दाखवल्याने ३७ मीटरचे २० होत नाहीत. हात दाखवा, गाडी खरंच थांबली की नाही ते बघा, आणि मगच पाऊल टाका. चाकं फिरायची थांबली का, इकडे बघायचं.

आणि डोळ्यांवर तरी किती भरवसा ठेवायचा? ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. लांबून येणारी गाडी ‘जवळ येते आहे’ हे आपल्याला कसं कळतं? डोळ्यातलं तिचं चित्र मोठं होत जातं. अंतर निम्मं झालं की चित्र दुप्पट होतं. ताशी ६० ने येणारी गाडी ८० मीटरवरून ४० मीटरवर यायला २.४ सेकंद लागतात. ४० वरून २० वर यायला १.२ सेकंद. २० वरून १० वर यायला ०.६ सेकंद. प्रत्येक वेळी चित्र दुप्पटच झालं, पण वेळ किती कमी होत गेला बघा! म्हणजे गाडी लांब असते तेव्हा चित्र इतकं हळूहळू वाढतं की ती जागच्या जागी उभी आहे असंच वाटतं, आणि मग एकदम अंगावर आल्यासारखी होते.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधले जॉन वॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं आढळलं की मोठी माणसं बऱ्याच वेगाने येणारी गाडीसुद्धा जवळ येते आहे हे ओळखतात. प्राथमिक शाळेतल्या मुलांना मात्र ताशी ३२ किलोमीटरहून वेगाने येणाऱ्या गाडीबद्दल हे खात्रीने सांगता येईलच असं नाही. यात मुलं बेसावध असतात, लक्ष देत नाहीत, असा काही प्रश्न नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या वाढत्या चित्राचा अर्थ लावायची मेंदूची क्षमता वयाबरोबर घडत जाते. तेव्हा आई किंवा आजोबा रस्ता ओलांडताना हात घट्ट धरतात, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. त्यांच्या मेंदूला एक गोष्ट दिसते, जी तुमच्या मेंदूला अजून नीट दिसत नाही.

एवढं समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. का? आपल्या देशात वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. फुटपाथवरून खाली उतरलं की पहिली गाडी येणार ती उजवीकडून. अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या आतेभावाला विचारा, तो आधी डावीकडे बघतो. तो सुट्टीत इकडे आला की पहिले काही दिवस त्याला जपा. लंडनमध्ये अनेक ठिकाणी ओलांडायच्या जागी रस्त्यावरच ‘उजवीकडे बघा’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, कारण इतर देशांतून येणाऱ्या लोकांची मान सवयीने उलटीकडे वळते.

उभ्या बसच्या समोरून किंवा मागून पटकन बाहेर यायचं नाही. बसमुळे तुम्हाला गाडी दिसत नाही, आणि गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. दोन पदरी रस्त्यावर याचं आणखी एक फसवं रूप आहे. पहिल्या पदरातली गाडी तुमच्यासाठी छान थांबते, काका हसून ‘जा’ अशी खूणही करतात. तुम्ही निघता, आणि त्या थांबलेल्या गाडीच्या पलीकडून दुसऱ्या पदरातली दुचाकी सुसाट येते. तेव्हा पहिली गाडी ओलांडली की तिच्या कडेशी थांबा, मान पुढे काढून बघा. काकांची खूण फक्त त्यांच्या गाडीपुरती असते.

झेब्रा क्रॉसिंगच्या जवळपास ब्रिटनमध्ये रस्त्याच्या कडेला नागमोडी पांढऱ्या रेघा असतात. त्या रेघांवर गाडी उभी करायला बंदी, आणि पुढच्या गाडीला ओलांडून जायलाही बंदी. कारण तेच, काही आड यायला नको. आपल्याकडेही क्रॉसिंगवर किंवा त्याच्याजवळ गाडी उभी करायला मनाई आहे. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर पट्ट्यांवरच गाड्या लावणाऱ्या पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं. स्वतःच्या मुलाला दहा पावलं कमी चालावं लागावं म्हणून ते दुसऱ्या पन्नास मुलांपुढे भिंत उभी करतात.

आणि चालणाऱ्यांसाठी ‘जवळपास’ म्हणजे किती? फ्रान्समध्ये कायदा सांगतो, ५० मीटरच्या आत क्रॉसिंग असेल तर तिथूनच ओलांडायचं. सिंगापूरमध्येही ५० मीटरच. पोलंडमध्ये १०० मीटर. सुरुवातीला मलाही वाटलं होतं, एवढी काय सक्ती? पण विचार करा. क्रॉसिंग दिसलं की ड्रायव्हरचं लक्ष तिथे असतं. ते ओलांडून गेला की त्याचा पाय पुन्हा वेगाकडे जातो. क्रॉसिंगपासून १५ मीटर पुढे तुम्ही रस्त्यात उतरलात, तर त्याला वाटत असतं की माणसांची जागा मागे पडली. आपल्याकडे अनेक रस्त्यांवर दोन क्रॉसिंगमध्ये एवढं अंतर असतं की माणूस कंटाळून मधूनच घुसतो. त्यात सगळा दोष चालणाऱ्याचा नाही. जिथे माणसं ओलांडतात, तिथे क्रॉसिंग हवं.

ड्रायव्हरचा नियमही तुम्हाला माहीत हवा, कारण तो तुमचा हक्क आहे. भारतात मोटार वाहन चालवण्याचे २०१७ चे नियम आहेत. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा क्रॉसिंगकडे येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि चालणाऱ्याला, चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पुढे वाहतूक तुंबलेली असेल तर पट्ट्यांवर येऊन उभंही राहायचं नाही. सिग्नल असेल तर पट्ट्यांच्या अलीकडे जी आडवी पांढरी रेघ असते, तिच्या मागे थांबायचं. आता सांगा, तुमच्या चौकात लाल दिवा लागल्यावर किती गाड्या रेघेमागे असतात? पट्ट्यांवर चाकं टेकवून उभ्या असलेल्या दुचाक्यांमधून वाट काढत जाणाऱ्या आजी बघितल्या की मला फार राग येतो. आजींनी का वळसा घ्यायचा? ती जागा आजींची आहे.

सिग्नलच्या छोट्या माणसाबद्दलही सांगायला हवं. लाल माणूस उभा, हिरवा माणूस चालतो. रंग नीट न ओळखता येणाऱ्यालाही आकारावरून समजावं, ही त्यातली हुशारी. बर्लिनमधला टोपीवाला माणूस कार्ल पेग्लाउ या वाहतूक-मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये रेखाटला, आणि तो इतका लाडका झाला की आज त्याची चित्रं कपबशांवरही मिळतात. मुंबईत दादरला २०२० मध्ये सिग्नलवर फ्रॉक घातलेली मुलगी आली! हिरवा माणूस लुकलुकू लागला, तर त्याचा अर्थ ‘पळा’ असा नसतो. रस्त्यात असाल तर चालत पूर्ण करा, फुटपाथवर असाल तर थांबा.

ज्यांना दिसत नाही, त्यांनी काय करायचं? जपानमध्ये सिग्नल पाखरांसारखे बोलतात. एका रस्त्यासाठी पिल्लाची चिवचिव, आडव्या रस्त्यासाठी ‘कक्कू’ असा आवाज. कुठला रस्ता मोकळा झाला ते कानांनी कळतं. ब्रिटनमधली युक्ती तर बहुतेक डोळस माणसांना माहीतच नसते. बटणाच्या डबीखाली हात घाला. तिथे बोटाएवढा एक खाचा पाडलेला शंकू असतो. हिरवा दिवा लागला की तो गोल फिरू लागतो! ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्या बोटांना तो सांगतो, ‘आता चला.’ आणि मेट्रो स्टेशनवर, काही फुटपाथवर पिवळ्या खडबडीत फरश्या दिसतात ना, त्या जपानमधल्या सेइची मियाके यांनी शोधल्या. १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्याकडेला बसल्या. लांबट उंचवटे म्हणजे ‘या दिशेने चला’, गोल ठिपके म्हणजे ‘सावध, इथे थांबा’. तशा फरशीवर पाय ठेवून एकदा डोळे मिटा, चपलेतूनही फरक कळतो. मात्र त्या फरश्यांवर कुणी स्कूटर लावली की सगळं फुकट.

आता तुमच्यासाठी एक खरं काम. सिग्नलचा हिरवा माणूस किती सेकंद ठेवायचा, ते कसं ठरवतात? माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. रस्ता १४ मीटर रुंद असेल तर साधारण १२ सेकंद. पण गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असतील तर त्यांना साडेसतरा सेकंद लागतील. म्हणजे पाच-सहा सेकंद त्या रस्त्यातच राहिल्या, आणि गाड्या सुटल्या.

रस्त्याची रुंदी मोजायला रस्त्यात उतरायची गरज नाही. आपल्याकडे पांढरा पट्टा साधारण अर्धा मीटर रुंद असतो आणि दोन पट्ट्यांमधली काळी जागाही तेवढीच. म्हणजे एक पांढरा आणि एक काळा मिळून एक मीटर. घरातल्या कुणा मोठ्याबरोबर फुटपाथवर उभे राहा आणि पांढरे पट्टे मोजा. जेवढे पट्टे, तेवढे मीटर. मग घड्याळ लावून हिरवा माणूस किती सेकंद राहतो ते दोन-तीनदा बघा. मीटरांना सेकंदांनी भागा. उत्तर १.२ हून जास्त आलं तर तो सिग्नल मोठ्यांनाही पळायला लावतो आहे. ०.८ हून जास्त आलं तर आजींना पुरत नाही.

हे आकडे वर्गशिक्षकांना दाखवा. शाळेच्या नावाने पत्र लिहून शहराच्या वाहतूक शाखेला आणि महापालिकेला किंवा नगरपालिकेला पाठवता येतं. पत्रात चौकाचं नाव, कोणत्या बाजूचं क्रॉसिंग, पट्टे किती, सेकंद किती, पट्टे पुसट झालेत का, आणि मोजलं ती वेळ सकाळची होती की शाळा सुटायची, एवढं लिहायला विसरू नका.